ओढ्याकाठचा ठसा

शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी बारवीच्या जंगलात जाऊ लागलो. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत त्यावरून माझी यथेच्छ टिंगल झाली. पुढे एका संस्थेनं मला निसर्गवाटाडे तयार करायला बोलावलं. आसपासच्या पाड्यांवरची माणसं शिकतील, रविवारच्या पाहुण्यांना जंगल दाखवतील, जंगलावर त्यांचं लक्ष राहील आणि घराजवळ कामही मिळेल, असा बेत होता. शिकवणं माझ्या हाडात मुरलेलं. रागही तसाच.

त्या तुकडीत चाळिशीच्या एक बाई होत्या. भाताची कामं आटोपली की आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जायच्या. जाताना धाकटी लेक झोपलेली आणि परत येईपर्यंत पुन्हा झोपलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सर, ह्यो वाटाड्याचा कागद भेटला ना, तर त्या पॅकिंगमधून सुटंन मी." मी म्हटलं, "ताई, कागद फुकट मिळत नाही, अभ्यास करा." इतकं तुसडं बोलायची गरज नव्हती. त्यांनी अभ्यास मात्र केला, अगदी मन लावून.

शेवटची परीक्षा रानातच होती. शिरगावच्या सोसायट्यांमधले पाच-सहा जण पाहुणे म्हणून आणले होते. प्रत्येक उमेदवारानं त्यांना तासभर फिरवायचं आणि मी मागून गुणांचा कागद घेऊन चालायचं. मी महिनाभर एकच घोकून घेतलं होतं, दिसलं की थांबा, थांबलात की दाखवा.

बाईंनी सुरुवात झकास केली. सागाचं कोवळं पान चुरून पाहुण्यांचे तळवे लाल करून दाखवले, मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घर दाखवलं. मी भराभर गुण टाकत होतो. मग ओढा आला. ओल्या चिखलात बिबट्याचा ठसा उमटलेला, ताजा. असा ठसा परीक्षेच्या दिवशी मिळणं म्हणजे नशीबच. बाईंनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, हितं काय नाय. वरच्या वाटंनं जाऊ."

एक पाहुणा विचारत होता, "मॅडम, वाघ-बिघ कुछ दिखेगा क्या?" बाई म्हणाल्या, "नही साहेब, इधर कुछ नही."

माझं डोकं फिरलं. गावठाणात पोचल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "डोळे घरी ठेवून आला होतात का?" शाईच्या पेनानं शेरा लिहिला, 'महत्त्वाचा ठसा दाखवला नाही', ठशांच्या रकान्यात शून्य दिलं, म्हणजे नापासच, आणि सही ठोकली. बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "सर, मी बगितला. तुमी मोठा बगितला, त्याच्या बाजूला बारके व्हते. दोन पिलं हायेत. ती तितंच कुटंतरी व्यायलीय." मी खरंच एकच ठसा पाहिला होता. त्या पुढं म्हणाल्या, "व्यायलेल्या जनावराची वाट आमी कोनाला दावत नाय. बाळंतिनीच्या खोलीत परकं मानूस नेतं का कोन? उद्या समदी मोबाईल घेऊन येतील, मंग ती पिलं उचलून कुटं जाईल?"

मला लाज वाटली, अगदी मनापासून. मी म्हटलं, "हे सगळं कागदावर लिहितो. पूर्ण गुण देतो."

"लिवू नका. त्यो कागद किती हातांत जाईल."

"मग नापास व्हाल, ताई."

"व्हईन," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

शेरा खोडायचा तर संस्थेच्या बैठकीत कारण सांगावं लागे. दोन दिवसांनी बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं, "चूक बाईंची नाही, माझी आहे. तो ठसा कुत्र्याचा होता. मला बिबट्याचा वाटला."

सगळे हसले. माझ्या मुलाच्या वयाच्या एका अधिकाऱ्यानं फळ्यावर दोन पंजे काढले आणि मला समजावलं, "सर, नखं उमटली तर कुत्रा, नाही उमटली तर मांजराच्या कुळातला." हाच धडा मी महिनाभर शिकवला होता. मी मान डोलावत ऐकून घेतलं. शून्य खोडलं गेलं आणि बाई पास झाल्या.

पुढच्या तुकडीला मला बोलावणं आलं नाही. ठसा ओळखता न येणारा शिक्षक कोण ठेवेल? वाईट वाटलं, खूपच वाटलं.

कागद मिळाल्यावर बाई हेंद्रेपाड्यात माझ्या घरी आल्या, पिशवीभर करटोली घेऊन. बैठकीत काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं होतं. दारातच विचारलं, "सर, कुत्र्याचा म्हनालात?"

"हो."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "आमच्या पाड्यात बी परक्यानं इचारलं तर समदी तसंच सांगत्यात."