सक्तीचं गणित आणि आत्या

झाशीत आजवर मोठा भूकंप झाला नसेल, तर तो केवळ आत्याची परवानगी मिळाली नाही म्हणून. खंडेराव गेटपाशी तिची स्कूटर वळली की पानवालासुद्धा ताठ उभा राहायचा. ती आमच्या विज्ञान कॉलेजात गणित शिकवायची, आणि तिथे गणित सगळ्यांनाच सक्तीचं. मी बिचारी बुरशीचा अभ्यास करायला गेले आणि आत्याच्या वर्गात सापडले. उत्तर चुकलं तर ती ओरडायची नाही, नुसतं "अच्छा?" म्हणायची. त्या एका शब्दाने भलेभले पुन्हा पाढ्यांपासून सुरुवात करायचे. मी राहायचे तिच्याकडेच, त्यामुळे घरीही सुटका नव्हती. "डेरिव्हेटिव्ह सांग, मग तूप वाढते." मी वर्षभर कोरडा वरणभात खाल्ला.

माझ्या शेजारी जवळच्या मऊरानीपूर गावची एक मुलगी बसायची. रसायनशास्त्रात हुशार, पण गणिताच्या तासाला तिचे हात बर्फासारखे गार पडत. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला. कॉलेज सोडून ती घरी निघाली होती. मी चाचरत आत्याला सांगितलं. मला मागे बसवून तिने स्कूटर अशी हाणली, की बस स्टँड येईपर्यंत मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते.

मुलगी बसमध्ये खिडकीशी बसली होती. आत्याला बघताच ती रडायलाच लागली. "मॅडमजी, हमसे नहीं होगा. आपको देखते ही सब भूल जाते हैं."

आत्याचा चेहरा उतरला. तसा तो मी कधीच पाहिला नव्हता. मग आत्या तिच्या शेजारी बसली. "तो मुझे मत देखो बेटा. बाहर देखो, और सुनो."

तेवढ्यात बस सुटली, आत्यासकट! मला स्कूटर चालवता येत नव्हती; ती ढकलत मी घरी आणली. संध्याकाळ झाली, आत्याचा फोन लागेना. दिवेलागणीला दोघी परतीच्या बसने आल्या, जाता-येता खिडकीबाहेर बघत गणितं सोडवून. मुलीने दुसऱ्या दिवशी पेपर दिला आणि काठावर का होईना, पास झाली.

"मी खरंच इतकी भयंकर दिसते का गं?" आत्याने मला नंतर विचारलं. मी घाईघाईने "नाही" म्हटलं, तेही भीतीनेच. ते तिला कळलं असावं.

पुढे ती वर्गात प्रश्न विचारून फळ्याकडे तोंड करून उभी राहू लागली. नव्या मुलांना वाटायचं, मॅडम आणखी कडक झाल्या. मला मात्र खडूची भुकटी पडलेली तिची पाठ दिसायची, थोडीशी वाकलेली, उत्तराची वाट बघणारी.