जित्या माणसाचा कागद

विट्याच्या अलीकडच्या त्या गावात बाशिंगं करणारं जिनगराचं घर एकच. मराठ्याचं लगीन असो का धनगराचं, नवरानवरीच्या कपाळाला बांधायचं बाशिंग तात्याबा जिनगराच्या सोप्यावरनं जायचं. तात्याबाचे हात म्हातारपणी थरथरायला लागले आणि धोंडुबाईच्या डोळ्यांत फुलं पडली, तवा सगळं काम थोरल्या सुनेवर आलं. ही बना. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावची पोर. हाताची लय हुशार, तोंडाची फटकळ. भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गराचा एवढासा तुकडा घेऊन त्याची अशी कळी उठवायची की माशीनं येऊन बसावं.

तिचा नवरा नाथाजी लढाईवर गेला होता. बंदूक घेऊन न्हवं, आरी-दाभण घेऊन. खेचरांच्या पलटणीला जीनं, खोगिरं शिवणारा माणूस पाहिजे होता, आणि जीन शिवणं हा तर जातीचाच धंदा. गेला तेव्हा विजा, त्यांची पोरगी, अंगावर पीत होती.

बनाला लिहिता येत न्हवतं. सारखं मास्तरापुढं बसून "इकडील सर्व क्षेम" लिहून घ्यायचा तिला कंटाळा. बाशिंगं कातरून खाली कातरण पडायचं, वेलबुट्टीचं, ठिपक्यांचं, चंदेरी बेगडीचं. लढाईआधी असला नक्षीचा कागद विलायतेहून सांगलीच्या पेठेत यायचा. बना त्यातला कपटाही टाकायची नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिठाच्या खळीनं ते कातरण डकवून ती चित्र करायची. दारातला लिंब हिरव्या वेलबुट्टीचा, विजाचा झोका लाल पट्ट्यांचा, म्हस बेगडीच्या मागच्या काळ्या बाजूची. पत्ता तेवढा मास्तरांनी घालायचा, की झालं कार्ड.

नाथाजीनं एकदा उलट लिहून पाठवलं होतं, "तुझं कार्ड आलं की हवालदार पहिलं त्येच्या हातात घेतो. सगळ्या तंबूत फिरून मग मला मिळतं. म्हशीचं एक शिंग कुठं गेलं म्हणून समदी इचारत्यात." बनानं पुढच्या कार्डावर शिंगं तीन लावली.

मग नाथाजी होता त्या ब्रह्मदेशातनं आपली माणसं मागं पळाली, आणि तार आली. बेपत्ता. मेला असंही नाही, हाय असंही नाही. थोड्या महिन्यांनी तिची पाठवलेली कार्डं सुतळीनं बांधून परत आली. टपालवाला म्हणाला, "बाई, ह्या पत्त्यावर आता टपाल जात न्हाई."

"मग कंच्या पत्त्यावर जातं?" बनानं विचारलं. टपालवाल्यानं थैली खांद्यावर टाकली.

तात्याबानं कागदाच्या गठ्ठ्यांवर येणाऱ्या जाड तपकिरी वेष्टणाची एक वही शिवून दिली. बनानं पहिल्या पानांवर ती परत आलेली कार्डं चिकटवली. पुढं, विजाचं जे काय व्हायचं ते कातरणात उतरून वहीत जायला लागलं. पडलेला दात. कान टोचले तो दिवस. ठिपक्याच्या निळ्या कागदाची तिची लाडकी शेरडी. बाप आला की त्याला दाखवायचं, की पोरगी कशी वाढली. विजा रोज एकदा ती वही मांडीवर घेऊन बसायची आणि पान पान बोटानं वाचायची.

धोंडुबाईला ती वही डोळ्यांपुढं नको व्हायची. "मेल्या माणसासाठी चित्रं डकवतीस," ती म्हणायची. "माझ्या पोटचा गेला, मला कळत न्हाई व्हय? आईला कळतं."

"तुमाला कळलं आसंल. मला न्हाई कळलं," बना म्हणायची आणि कपाळावर कुंकू जरा मोठंच लावायची.

हळूहळू गिऱ्हाईक बिचकायला लागलं. तोंडावर कोणी बोलत नव्हतं. पण बाशिंग घ्यायला आलेली बाई विचारायची, "धोंडुबाई, हे तुमच्याच हातचं न्हवं?" आणि धोंडुबाई डोळे चोळत म्हणायची, "तर!" सवाष्णीच्या कामाला रांडमुंडीचा हात चालत नाही. आणि बना कोण, सवाष्ण का रांडमुंड, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बना आतल्या अंगाला बसून कळ्या उठवायची आणि बाहेर नाव सासूचं व्हायचं. कारण एकदा का बायकांनी ठरवलं की हिचा हात नको, की उद्या बांगड्या फोडायला त्याच येणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

अशातच धाकट्या दिराचं, दादासोचं लगीन ठरलं. मुलगी पाटणची. सुपारी फोडायला नवरीची आई रंगुबाई स्वतः आली होती. बाई उंचनिंच, बोलायला कडक. चहाची बशी खाली ठेवून तिनं सगळ्यांसमक्ष विषय काढला.

"तात्याबा, राग मानू नका. तुमच्या घरची रीत हाय म्हनं, थोरल्या भावजयीनं बाशिंग करायचं आन् तिनंच बांधायचं. आता तुमची थोरली कुंकू लावती, पर नवऱ्याचा ठाव न्हाई. आसंल तर हाय म्हना, नसंल तर न्हाई म्हना. अधल्यामधल्या बाईचा हात माझ्या लेकीच्या कपाळाला नको."

तात्याबा तपकीर शोधायला लागला. धोंडुबाई खाली बघत म्हणाली, "बगू. लगनाला अजून येळ हाय."

बना आत परातीत खळ कालवत होती. खळीत गुठळी झाली.

मग कागदाचीच पंचाईत आली. लढाईनं कागदावर कंट्रोल आणला होता. तात्याबा सांगलीला जाऊन आला, हळदीच्या पेठेपासनं गणपतीच्या देवळापर्यंत दुकान दुकान फिरला. आणला काय, तर पतंगाचा पातळ कागद. त्याला घाम लागला की रंग नवऱ्याच्या नाकावर उतरणार. बेगड तर नावालाही नाही. गावात सगळ्यांना बाशिंगं पुरवणाऱ्या घरातलं पोरगं पतंगाचा कागद बांधून उभं राहिलं, की धंदा बुडाला समजायचं.

धोंडुबाई येऊन उंबऱ्यावर बसली.

"बना, त्या वहीत लय कागद हाय."

बनानं हातातला भेंड खाली ठेवला.

"डकवलेला हाय, पर भिजवून सुटंल. तुला जमंल."

"जमंल की," बना म्हणाली. "पर बाशिंग मी बांधनार. मांडवात, समद्या बायांच्या म्होरं, माझ्या हातानं. मागच्या दारानं न्हाई."

"आन् नाथाचं कुनी इचारलं तर?"

"तर तुमी सांगा. त्येंची आई तुमी हाय."

धोंडुबाईनं उंबऱ्याची माती नखानं उकरली. "बरं," ती म्हणाली आणि उठून गेली.

दुपारी विजा शेजारी खेळायला गेल्यावर बनानं चुलीवर पाण्याचं भगुनं ठेवलं. वाफेवर पान धरायचं, कडेला ओलं फडकं फिरवायचं, आणि खळ सैल झाली की नखानं हळूच कागद उचलायचा. लिंब सुटला. झोका सुटताना फाटला, त्याचे दोन पट्टे कामाला आले. कान टोचल्याची बेगडीची बाळी मात्र अख्खी निघाली, ती बाशिंगाच्या मधोमध बसेल अशी. नवऱ्याला दाखवायचं म्हणून दोन वर्षं जे जमवलं, ते उन्हं कलायच्या आत सुपात ओलं पसरलं होतं. रडायला तिला वेळ नव्हता. ओला कागद वाळायच्या आत सरळ करावा लागतो, नाहीतर सुरकुततो. निळ्या ठिपक्याची शेरडी तिनं दोनदा उचलून दोनदा ठेवली. पण दादासोच्या बाशिंगाला डाव्या बाजूला निळा कमी पडत होता.

लगीन वैशाखात लागलं. मांडवात बनानं दादासोच्या कपाळाला बाशिंग बांधलं, मागं दोरीची गाठ मारली. बाया बघत होत्या. लेकीचं बाशिंग रंगुबाईनं आपल्या हातानं बांधलं होतं, म्हणून तिनं ह्याला अडवलं न्हवतं. सनई चालू होती. बाशिंग असं झळकत होतं की पाटणची माणसंही म्हणाली, हातात कला हाय.

तेवढ्यात विजा बायांच्या घोळक्यातनं पुढं घुसली आणि बोट करून ओरडली, "आये! माझी शेरडी! काकाच्या कपाळावर माझी शेरडी हाय!"

बाया हसल्या. दादासोही हसला. विजा मात्र हसत नव्हती. "माझ्या वहीतली हाय ती," ती म्हणाली आणि बाशिंगाकडं हात लांबवला.

रंगुबाई जवळ आली. तिनं बाशिंगाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. खळीचा जुना पापुद्रा तिच्या नखाला लागला. हसणं थांबलं.

"ह्यो वापरलेला कागद हाय?"

"व्हय," बना म्हणाली. "विजाच्या बापासाठनं ठेवला हुता. लढाईनं दुसरा मिळाला न्हाई."

"त्येच इचारती मी." रंगुबाईनं आवाज चढवला नाही, तरी मांडवभर ऐकू गेलं. "ह्यो जित्या मानसाचा कागद, का मेल्या मानसाचा? माझी लेक अजून अंतरपाटाच्या पल्याड हाय. बोला."

दोन वर्षं बना एकच गोष्ट ज्याला त्याला सांगत आली होती. टपालवाल्याला, मास्तराला, पाणवठ्यावरच्या बायांना. आता मांडवात सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि तोंड उघडेना. खरं काय ते मला तरी ठाव हाय का, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, तो नेमका त्या घडीला.

"जित्याचा."

बोलली ती धोंडुबाई. फुलं पडलेल्या डोळ्यांनी ती कुणाकडंच नीट बघत नव्हती. "माझा ल्योक जिता हाय. आईला कळतं. उगं खोळंबा करू नका, मुहूर्त टळतोय."

रंगुबाईनं तिच्याकडं बघितलं, मग बनाकडं. मग करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि बनाच्या कपाळाला लावलं. मांडवातल्या पहिल्या सवाष्णीला लावावं तसं. भटजीनं मंगलाष्टक धरलं.

वऱ्हाड पांगल्यावर बना सासूच्या शेजारी उष्टी भांडी गोळा करत होती.

"आत्याबाई, तुमी म्हनाला ते..."

"लगीन पार पडलं न्हवं?" धोंडुबाई म्हणाली. "मग गप."

त्यानंतर तिनं नाथाजीचं नाव घेणंच टाकलं. मेला असंही कधी म्हणाली नाही. गिऱ्हाईक पुन्हा यायला लागलं, आणि आता "बनाबाईच्या हातचंच पायजे" म्हणून यायला लागलं. ज्या बाशिंगात जित्या माणसाचा कागद असतो ते बाशिंग धार्जिणं, असंही कुणीतरी उठवलं. विजानं मात्र पुढं कितीतरी दिवस आईच्या हातचं कातरण घेतलं नाही.

लढाई संपली. विट्याच्या बाजूची पोरं एक एक करून परत यायला लागली. एका दुपारी त्याच खेचरांच्या पलटणीतला गुंडा दारात येऊन उभा राहिला. हडकुळा, हिवतापानं पिवळा पडलेला. धोंडुबाईनं त्याला घोंगडं टाकलं. बनानं चहा ठेवला.

"वैनी," तो म्हणाला, "नदी उतरत हुतो. पाणी लय. नाथा खेचरांच्या बाजूनं हुता. वरनं इमानं आली, बाँब पडलं. मी ह्या काठाला येऊन मागं बघितलं, तवा तितं खेचरंबी न्हवती आन् मानसंबी न्हवती."

धोंडुबाई उठून चुलीपाशी गेली आणि जळतं लाकूड उगाच पुढंमागं करायला लागली. आतल्या खोलीत पाटणची सून दिवसांत होती, सातवा सरत आला होता. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. कान देऊन ऐकत होती पोर. तिच्या नवऱ्याच्या कपाळाला कुणाचा कागद बांधला होता, हे तिलाही ठाऊक होतं.

बनानं चहा गुंडापुढं ठेवला. मग आतल्या खोलीकडं बघितलं.

"म्हंजे पल्याडच्या काठाला गेलं आसतील," ती आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

गुंडानं वर बघितलं. तिच्या कपाळाकडं बघितलं. शहाणा माणूस होता.

"व्हय. पल्याडच गेला आसंल."

"मग गावात तसंच सांगा, भाऊजी."

गुंडानं चावडीवर तसंच सांगितलं. दिवस कलायच्या आत आळीतल्या बाया गोळा झाल्या. नाथाजी नदीपल्याड जिता आहे, कधीतरी येणार, म्हणून. साखर कंट्रोलात, म्हणून धोंडुबाईनं गुळाची ढेप फोडायला लावली, आणि बनाच ती वाटायला उभी राहिली. एकेकीच्या हातावर खडा ठेवत ती दारापर्यंत आली, तर शेजारची शालूबाई म्हणाली, "अगं, एवढी ग्वाड बातमी आन् डोळं असं लाल का तुझं?"

"चुलीम्होरं बसले हुते," बना म्हणाली, आणि तिच्या तळहातावर गूळ ठेवला.