डिकीवरचा झेंडू

‘वाहने सावकाश चालवा’ असा लोखंडी फलक मी लोहगडवाडीच्या रस्त्यावर लावला, शेवटचा नट आवळला, हात पुसले, आणि त्याच फलकाला गाडी ठोकली.

गाडी माझी नव्हती. (चळवळीतल्या माणसाकडे स्वतःचं असं फक्त मत असतं.) गाडी अभयदादाची. दादा जर्मनीत नोकरीला, गाडी तळेगावात आमच्या दारात. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा आणि बाबा हातात फोन धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे. बाबांची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत गेली. वस्तू ताब्यात घ्यायची, झाकून ठेवायची आणि जशीच्या तशी परत द्यायची, हा त्यांचा धर्म. दादा तिकडून आई कशी आहे हे विचारायच्या आधी टायरमधली हवा विचारायचा. मी यावर घरात एक छोटेखानी भाषणही केलं होतं. कुणी ऐकलं नाही.

पण त्या गाडीत माझा जीव अडकला होता. आमचा गट पवन मावळातल्या गावांमध्ये काम करतो. तिथे एसटी सकाळी येते आणि संध्याकाळी येईल असं म्हणतात. बाबांच्या स्कूटरवर पत्रकांचे गठ्ठे बांधून मी हिंडत होते आणि पावसाळ्यात माझी सगळी क्रांती ओली होत होती. शेवटी आईने मध्यस्थी केली आणि दादाने सौदा ठेवला. दसऱ्यापर्यंत गाडी वापर. दसऱ्याला पूजा फोनवर दाखव. एकही ओरखडा नसेल तर गाडी तुझ्या नावावर करतो. असेल तर पिंपरीचा प्रसाद, म्हणजे आमचा मामेभाऊ, गाडी घ्यायला तयारच बसलाय.

मी जपून चालवली. इतकी जपून की एकदा भुशीच्या रस्त्यावर मागच्या पर्यटकांनी हॉर्न वाजवून वाजवून माझा निषेध केला. मी काच खाली करून त्यांना पत्रक दिलं.

त्यानंतर अष्टमीचा दिवस. सरकारी फलक वाऱ्याने वाकतात म्हणून मी आमच्या फलकासाठी जाड पाइपचा हट्ट धरला होता. खांब आठवड्यापूर्वीच काँक्रीटमध्ये रोवून ठेवला होता. त्या दिवशी त्याच्यावर पत्रा बसवला, हौसामावशींच्या भजीच्या टपरीवर चहा प्यायले आणि निघाले. तेवढ्यात समोरून एक गाडी आली. गाणी लावलेली, छतातून दोन मुलगे कमरेपर्यंत बाहेर आलेले, वेग असा की मावशींच्या कोंबड्या शेतात गेल्या. गाडी माझ्या शेजारून सुसाट मागे गेली आणि माझं डोकं फिरलं. आत्ता लावलेला फलक! पत्र्यावरचा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता! त्या माणसाला थांबवून तो फलक मोठ्याने वाचायला लावायचा, या एकाच विचाराने मी रिव्हर्स टाकला आणि सुटले. मागचा सेन्सर टूं टूं करत होता. पण चळवळीत राहून इशाऱ्यांची एवढी सवय होते की माणूस ते मनावर घेत नाही.

त्या माणसाला फलक दिसला की नाही, ठाऊक नाही. मला दिसला. आरशात. फार जवळून.

हौसामावशी झारा हातात घेऊनच धावत आल्या. आधी मला बघितलं, मग गाडीला, मग फलकाला. “लागलं न्हाई ना, ताई?” म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मग झाऱ्याने खांबावर ठोकून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “खांब लय मजबूत बसवलाय तुमी.”

खांब थोडासा वाकला होता. डिकी मात्र एवढी आत गेली होती की तिच्यात एक कलिंगड आरामात बसलं असतं.

घरी बाबांनी पोचा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “कव्हर घालून पूजा करता येईल का?” आई मात्र आश्चर्यकारक शांत होती. तिने डिकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “यावर गरम पाणी ओतून काही उपयोग होत नाही म्हणे.”

“कोण म्हणे?”

“असंच कुणीतरी,” म्हणत ती आत निघून गेली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी त्या क्षणी रस्त्याच्या सदोष रचनेवर एक पत्रक मनातल्या मनात लिहीत होते.

नवमीला सकाळी मी गाडी घेऊन कामशेतला बबनभाऊंच्या गॅरेजवर हजर. डेंटिंग-पेंटिंगमध्ये बबनभाऊंचा हात कुणी धरणार नाही. पण त्या दिवशी त्यांचा हात रिकामा होता. हातोडे, पाने, जॅक, रंगाची गन, सगळं एका सतरंजीवर ओळीने मांडलेलं, प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर फूल. खंडेनवमी! सगळ्यात मोठा हातोडा तर देवासारखा मध्यभागी बसला होता आणि त्याच्यापुढे पेढा होता.

बबनभाऊ म्हणाले, पूजेत बसलेलं अवजार आज उचलत नसतात. उद्या दसरा, उद्याबी गॅरेज बंद. परवा या.

मी त्यांना समजावलं की लोखंडाला सण कळत नाही. मी त्यांना समजावलं की श्रम हीच खरी पूजा. तिसरा मुद्दा मांडणार एवढ्यात त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे, देवाच्या फोटोशेजारी, आमच्या गटाचं पत्रक डकवलेलं होतं. लाल अक्षरं. ‘सणाच्या दिवशी कामगाराला कामावर बोलावणाऱ्या मालकांचा जाहीर निषेध!’ मजकूर माझा. गेल्या वर्षी मीच त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजमध्ये उभं राहून वाटलं होतं, आणि बबनभाऊंना तर दोनदा वाचूनही दाखवलं होतं.

“आमी ऐकलं तुमचं,” बबनभाऊ म्हणाले. “मालकीण झालात व्हय ताई, एका वर्सात?”

मी निमूटपणे पेढा घेतला.

माणूस मनाचा मोठा. त्यांच्या घरच्या शेतातला झेंडू गॅरेजच्या दारात विकायला मांडला होता. त्यातल्या माळाच माळा त्यांनी माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, वरून खालपर्यंत सोडा, आत काय हाय ते बापालाबी कळायचं न्हाई. (बापाला कळलेलंच होतं. प्रश्न भावाचा होता.)

दसऱ्याला आमची गाडी पुढून गाडी दिसत होती आणि मागून लग्नाचा मंडप. टपापासून बंपरपर्यंत झेंडूचा पडदा! बाबांनी लांब उभं राहून, डोळे बारीक करून तपासणी केली आणि डेपोत आयुष्य गेलेल्या माणसाच्या समाधानाने मान हलवली. दादाचा कॉल आला. आईने पुढे नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. (लिंबाला माझा तात्त्विक विरोध आहे. त्या दिवशी मी दोन ठेवली.) मग बाबांची प्रदक्षिणा सुरू झाली. मागच्या बाजूला त्यांनी फोन असा काही भरकन नेला की दादाला बहुतेक गरगरलं असावं.

“थांबा, थांबा. मागे एवढा झेंडू कशाला?”

मी पुढे झाले. सांगितलं की शेतकऱ्याच्या झेंडूला भाव मिळत नाही, दलाल लुटतात, म्हणून आपण थेट... दादा लगेच “बरं बरं” म्हणाला. माझं उत्तर पूर्ण ऐकण्यापेक्षा झेंडू परवडला.

झालं होतं! जमलं होतं! बाबांनी समाधानाने फोन स्कूटरच्या सीटवर टेकवून ठेवला, गाडी दिसेल असा, आणि आईला आपट्याची पानं आणायला सांगितली. आणि गल्लीतली गाय आली.

गाय कुणाची, ते तळेगावात आजवर कुणाला कळलेलं नाही. ती शांतपणे गाडीच्या मागे गेली आणि तिने पहिली माळ ओढली. मी हात उगारला, तर आई दारातून म्हणाली, “सणाची दारात आलेली गाय हाकलू नये.” नुसतं एवढंच नाही, तिने गाईला हळदकुंकू लावलं! मग मी गाईला हळू आवाजात समजावायला लागले. माझ्या बोलण्याने आजवर एकही पर्यटक हलला नाही, तिथे गाईचं काय? तिने दुसरी माळ संपवली. तिसरी घेतली. झेंडू जसजसा कमी होत होता तसतशी आमची डिकी हळूहळू, एखाद्या नाटकाचा पडदा वर जावा तशी, उघडी पडत होती.

“बाबा,” स्कूटरच्या सीटवरून आवाज आला, “डिकीवर ते काळं काय दिसतंय?”

“सावली,” बाबा म्हणाले.

“सावली आत कशी गेलीय?”

बाबा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, त्यामुळे त्यांच्याकडे दुसरं तयार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला. सुरुवात रस्त्याच्या रचनेपासून केली, पण दादाने तिथेच तोडलं.

“मुक्ते, कुणाला ठोकलीस?”

“माणसाला नाही. फलकाला.”

“काय लिहिलंय त्या फलकावर?”

हा प्रश्न त्याने का विचारला असेल! भावाला बहिणीची नस बरोबर सापडते. मी दुसरीकडे बघत सांगितलं, “सावकाश चालवा.”

“आणि खाली?”

“खाली आमच्या गटाचं नाव.”

गाईने आणखी एक माळ ओढली. मी डोळ्यांसमोर प्रसादला पाहिलं, आमच्या गाडीत बसून पिंपरीकडे जाताना, एसी लावून. स्वतःला पाहिलं, स्कूटरवर, ओल्या गठ्ठ्यांसकट. वाट फक्त दादाच्या तोंडून प्रसादचं नाव ऐकण्याची होती.

तेवढ्यात आई आपट्याची पानं घेऊन आली, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि अगदी सहज म्हणाली, “अभय, त्या घरमालक आजीबाईंच्या गाडीचं काय झालं रे?”

दादाचा चेहरा मी बघत होते. तो आमच्या डिकीसारखा आत गेला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दादाने कपाट आणायला घरमालकीणबाईंची गाडी मागून घेतली होती. म्हातारीने मोठ्या विश्वासाने किल्ली दिली. आणि या माणसाने, ज्याने मला रविवारी रविवारी टायरमधली हवा विचारली, त्याने रिव्हर्स घेताना तिच्याच फाटकाच्या दगडी खांबाला दरवाजा घासवला, चेपवला! तिथल्या गॅरेजवाल्याने सांगितलं की ठोकून सरळ करत नाही, अख्खा दरवाजा बदलावा लागेल, आणि नंबर लागायला काही आठवडे जातील. तेव्हापासून दादा गाडी अशी लावत होता की चेपलेली बाजू कुंपणाकडे जाईल. मध्ये एकदा कुठेतरी वाचून त्याने दरवाजावर किटलीने गरम पाणीही ओतलं होतं. आणि हे सगळं फक्त आईला माहीत. दोन्ही लेकरांचे दोन्ही पोचे पोटात घालून ती शांतपणे स्वस्तिक काढत होती!

“तू मला ओरखड्याबद्दल सांगतोस?” मी सुरू झाले. “दुटप्पीपणाचा जाहीर...”

“मुक्ते, तू गप्प बस,” आई म्हणाली. “आणि अभय, तू आज त्या बाईंना सांगून टाक. सण आहे.”

दादाने सांगितलं. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला, आवाज हलका झालेला. म्हातारीने ठोकली त्याच दिवशी खिडकीतून पाहिलं होतं आणि हा कधी बोलतोय याची वाट बघत होती. त्या खांबाला तिने स्वतःही गाडी घासली होती म्हणे. मग दादा माझ्याकडे वळला. “गाडी घे तुझ्या नावावर,” म्हणाला. “प्रसादला आता कुठल्या तोंडाने देऊ?” एवढं हलकं मला बोर्डाच्या परीक्षेनंतरही वाटलं नव्हतं. बाबांनी तर फोन ठेवल्यावर गाईला उरलेली माळ स्वतःच्या हाताने दिली.

दुसऱ्या दिवशी बबनभाऊंनी हातोड्याला नमस्कार करून तो उचलला. दादा जर्मनीतून व्हिडिओवर बघत होता, आतून पत्रा कसा रेटायचा ते विचारत होता आणि बबनभाऊ त्याला “सायेब, तुमी हिकडंच या शिकायला” म्हणत होते. डिकी आता बाकी गाडीपेक्षा जास्त चमकते. त्यामुळे लांबूनही कळतं, कुठून ठोकली होती ते.

जाताना बबनभाऊ म्हणाले, फलकाचा खांबबी येऊन सरळ करून देतो. मी लोहगडवाडीला गेले तर हौसामावशींनी मला खांबाला हात लावू दिला नाही.

“वाकडाच ऱ्हाऊ द्या, ताई. लय गुणाचा झालाय.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी तिथे उभी असतानाच एक गाडी भरधाव आली, वाकलेला खांब पाहिला आणि कचकन हळू झाली. आतल्या बाईंनी काच खाली करून घाबरत विचारलं, इथे काय झालं होतं हो? मावशींनी मोठा सुस्कारा सोडला. म्हणाल्या, एक बाई आली होती, लय जोरात. पुढचं त्या भजी तळताना सांगतात. त्या बाईचा वेग दर शनिवारी थोडा वाढतो, भजीही दुप्पट खपतात, आणि गाड्या तिथून अक्षरशः पावलापावलाने जातात.

इतकी वर्षं मी पत्रकं वाटली, सभा घेतल्या, अधिकाऱ्यांना निवेदनं दिली. एकाही गाडीचा वेग कमी झाला नव्हता. आता आमच्या गटाच्या बैठकीत एकमताने ठराव झालाय की उरलेले सगळे फलकही मीच लावावेत, आणि लावायला जाताना गाडी न चुकता घेऊन जावी.