थोरलीनं लावला निकाल

दहावीचा निकाल लागला तेव्हा पहिला पेढा मला नाही, म्हशीला मिळाला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो थोरलीच्या तोंडात घातला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिच्या दुधावर शिकलीस. आधी तिचा मान." शाळेत मी पहिली आले होते आणि माझ्याच घरात दुसरी. राग आला, पण पेढा सोडला नाही.

आम्ही कोल्हापुरातले गवळी. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हशी नेऊन उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून द्यायची, हा आमचा पिढीजात धंदा. थोरली ही गोठ्यातली सगळ्यात वयस्क म्हैस आणि आप्पांचा जीव की प्राण. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, मोरपिसं बांधतात आणि मग त्यांना पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे, म्हैस मागे. दोरी नाही, काठी नाही. म्हैस मालकाच्या मागे किती इमानानं धावते यावर त्याची वर्षभराची इज्जत ठरते. थोरली आप्पांच्या गाडीमागे अशी सुटायची की दुतर्फा माणसं शिट्ट्या मारायची. शेजारचे काका, तेही गवळीच आणि आप्पांचे पाडव्याचे वैरी, यांची म्हैस मात्र दरवर्षी निम्म्या वाटेत कुणाच्या तरी दारातलं गवत बघून थांबायची. काका मग दिवाळीचा फराळसुद्धा तोंड वाकडं करून खायचे.

अशा घरातली मुलगी कॅथलिक मिशनच्या शाळेत कशी, हे मला पुढे खूप जणांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. शाळेच्या बोर्डिंगला आमचं दूध जायचं. एकदा आप्पांनी किटली खाली ठेवली, रांगेत उभी असलेली इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं बघितली आणि मुख्याध्यापक फादरना विचारलं, "आमच्या पोरीला घेशीला का?" फादर हो म्हणाले. त्या दिवसापासून मी सकाळी शेणाचे हात धुऊन इंग्रजीत प्रार्थना म्हणू लागले, आणि दोन्हींत मला काही विसंगत वाटलं नाही.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्या निकालाच्याच सुमारास शाळेनं दहावीनंतरचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा सुरू करायचं ठरवलं. विज्ञान, इतिहास, गणित, भाषा, सगळं एकदमच शिकायचं. आपल्याला जे कळतं ते कसं कळतं, यावरही एक वेगळा विषय. आठवड्यातले काही तास लोकांच्या उपयोगी पडायचं. आणि स्वतः एक प्रश्न शोधून, त्याच्यामागे लागून, त्यावर मोठा निबंध लिहायचा. पेपर तपासायला परदेशात जाणार. हे सगळं सांगून झाल्यावर फादर म्हणाले, "हा अभ्यास अवघड आहे. ज्यांना सोपं काही हवं आहे, त्यांनी कृपया येऊ नका."

संपलं. कुणी अवघड म्हटलं की माझ्या अंगाला लहानपणापासून खाज सुटते. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

घरी मात्र माझ्या ठरवण्याला कुणी विचारत नव्हतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात सायन्सची जागा मिळत होती, शनिवारपर्यंत प्रवेश घ्यायचा होता, आणि मी डॉक्टर होणार हे आप्पांनी कट्ट्यावर केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. आमच्याकडे डिप्लोमा म्हणजे बारावी न झेपणाऱ्या पोरांनी करायचा, मेकॅनिकल नाहीतर सिव्हिल. एका गिऱ्हाइकानं मिशीवरचा फेस पुसत मला विचारलं, "शाळेत पयली आल्तीस म्हनं, आनि डिप्लोमा? कुठं घसरलीस बाय?" आजऱ्याहून आत्या काजूची पिशवी घेऊन कौतुकाला आल्या आणि कौतुक राहिलं बाजूला. "पाद्र्यांची शाळा, परदेशी पेपर," त्या आप्पांना म्हणाल्या. "उद्या पोरीचं लगीन ठरवताना काय सांगनार हैस? कशात पास झाली म्हनून?"

आप्पा म्हणाले, "न्हाय म्हंजे न्हाय." मी दोन दिवस जेवले नाही असं दाखवलं, आई मला मागच्या दारानं भाकरी देत होती. तिनंच खरं काय ते सांगितलं. "त्यांना कालेजातलं काय कळतंय? परदेशाचं नाव निघालं न्हवं, तिथंच घोडं अडलंय. तू लांब जाशील ह्याचं भ्या हाय त्यांना." हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. हट्ट मात्र तसूभर कमी झाला नाही.

शेवटी गुरुवारी फादरनी आम्हा बाप-लेकीला बोलावून घेतलं. आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले, कधीही उठून जाता यावं असे. फादर मूळचे गोव्याचे, मराठी पुस्तकातल्यासारखी शुद्ध बोलायचे. त्यांनी मला विचारलं, "तुला कशाचं उत्तर शोधायचं आहे? पुस्तकात नसलेलं."

मी कृष्णविवरांबद्दल एक भारदस्त वाक्य पाठ करून आले होते. पण नजर खाली गेली, आप्पांच्या वहाणांना वाळलेलं शेण चिकटलेलं दिसलं, आणि तोंडातून भलतंच निघालं. "म्हैस मोटारसायकलच्या मागे का पळते?"

"त्यात काय शोधायचं?" आप्पा ताडकन म्हणाले. "मी हाक मारतो, ती येती. माझा शबुद हाय त्यो."

"हाकेवर न्हाई, आप्पा," मी म्हणाले. "आपल्या गाडीच्या आवाजावर येती."

"तुम्हाला कसं कळलं?" फादरनी आप्पांना विचारलं.

"कसं म्हंजे? माझी म्हैस हाय की."

"हे उत्तर नाही झालं," फादर शांतपणे म्हणाले.

आप्पांच्या उभ्या जन्मात त्यांना हे कुणी ऐकवलं नव्हतं. व्यवहारात चुकलात, राजकारणात चुकलात, हे लोक रोज म्हणायचे. पण म्हशीच्या बाबतीत? त्यांचे कान लाल झाले. "फादरसाहेब, उद्या सकाळी पंचगंगेवर या. दावतोच."

परत येताना गाडीवर मागे बसून मी पैज घातली. त्यांचं खरं निघालं तर मी निमूट सायन्सला जाईन, पुन्हा शब्द काढणार नाही. माझं खरं निघालं तर डिप्लोमा. आप्पा म्हणाले, "चालंल." आणि घरापर्यंत शीळ घालत गेले.

सकाळी घाटावर आम्ही होतो, थोरली होती, आणि काकांना आप्पांनी मुद्दाम साक्षीला आणलं होतं. चर्चमधली सकाळची मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपून फादर पांढऱ्या झग्यात स्कूटरवरून आले. धुणं धुणाऱ्या एका बाईंनी त्यांना विचारलं, "पावणं, कुनीकडचं म्हनायचं?" फादर म्हणाले, "म्हैस बघायला आलो आहे." बाईंचं तेवढ्यानं समाधान झालं.

आधी माझी पाळी. आप्पांची गाडी काकांना दिली. त्यांनी किक मारली, घाट दणाणून सोडला आणि निघाले. थोरली रवंथ करत उभी राहिली. तिनं कानसुद्धा हलवला नाही. गाडीच्या आवाजाचा माझा सिद्धांत तिथंच पंचगंगेत बुडाला. आप्पा मांडीवर थाप मारून हसले, आणि मला डोळ्यासमोर सायन्स कॉलेजचं फाटक दिसायला लागलं.

मग त्यांची पाळी. फादर म्हणाले, "तुम्ही दिसता कामा नये, फक्त आवाज." आप्पा देवळाच्या भिंतीआड गेले आणि त्यांनी हाक घातली. थोरलीनं मान वर केली, तिकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. आप्पांनी परत हाक मारली. मग परत. शेवटच्या हाकेत इतकी विनवणी होती की काकासुद्धा हसले नाहीत. बाहेर आलेल्या आप्पांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"नेहमी करता तसं करून दाखवा," फादर म्हणाले. आप्पा गाडीजवळ गेले, किक मारली, निघाले, आणि त्यांनी तोंडातून चकार शब्द न काढताही थोरली त्यांच्या मागे सुसाट. "बघितलं? मला बघून येती!" ते लांबूनच ओरडले. पण माझं लक्ष भलतीकडेच अडकलं होतं.

गवळ्यांत एक रीत आहे. जनावर बाहेर काढायचं तर आधी त्याच्या कपाळाला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला. नमस्कारच तो. आप्पांनी किक मारण्याआधी तो केला होता, आणि केला हे त्यांना ठाऊकही नव्हतं, इतका तो हातात मुरलेला. काका निघाले तेव्हा थोरलीला कुणी हात लावला नव्हता. भिंतीआडून तर लावता येणारच नव्हता.

"आप्पा, तिला नमस्कार करा आनि बाजूला व्हा," मी म्हणाले. "गाडी काकांना द्या."

"त्यानं काय हुतंय?"

"बघू तरी."

त्यांनी थोरलीच्या कपाळाला हात लावला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि ते बाजूला झाले. काकांनी किक मारली. आणि थोरली, पाडव्याला आप्पांची मान गावभर ताठ ठेवणारी थोरली, त्यांच्या जन्माच्या वैऱ्यामागे शेपटी उंचावून पळत सुटली. काकांनी मागे वळून बघितलं आणि गाडीसकट नदीत जाता जाता वाचले. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बिचाऱ्यांच्या मागे म्हैस अशी आयुष्यात पहिल्यांदाच पळाली होती.

सगळा घाट हसत होता. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. पैज घातल्याचं मी विसरूनच गेले होते. जगात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट मला आत्ता, या चिखलात उभं राहून कळली होती, आणि त्या आनंदापुढे पहिल्या नंबराचा आनंद किस झाड की पत्ती.

आप्पा पायरीवर बसले होते. मी जवळ गेले. ते म्हणाले, "म्हंजे ती माझ्या मागनं येतच न्हवती. मी जा म्हनतोय, म्हनून जात हुती."

"अजून नक्की सांगता येणार नाही," फादर म्हणाले. "एक म्हैस, एक सकाळ. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

आप्पांनी मान वर केली. मघाचा दुखावलेला माणूस गेला आणि त्यांच्यातला हट्टी गवळी परत आला. मला हा हट्ट कुठून मिळाला ते त्या क्षणी दिसलं. "मग आना की दुसऱ्या म्हशी. अख्खी गल्ली पडलीया. सगळ्यांच्या बघू. किती दिस लागतील ह्याला?"

"दोन वर्षं," फादर म्हणाले. "तोच तर अभ्यासक्रम आहे."

आप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पैज कोन जिकलं गं?"

"कुनीच न्हाई."

"मग आता माझ्या मनात येईल ते." त्यांनी नदीत हात धुतले आणि ते उभे राहिले. "चल, बस गाडीवर. शाळंत सही करायची न्हवं?"

आत्यांना कळल्यावर त्यांनी आप्पांना पुन्हा विचारलं, आता लोकांना काय सांगणार. आप्पा म्हणाले, "सांगू की, पोरगी अवघड हाय म्हनून."

ती दोन वर्षं खरोखरच अवघड गेली. इतिहासानं मला रडवलं आणि गणितानं जागवलं. फादर पुस्तकं पुरवत राहिले आणि आप्पा म्हशी. गल्लीतले गवळी आधी हसले, मग आपापली म्हैस घेऊन स्वतः हजर होऊ लागले. प्रत्येकाची रीत थोडी वेगळी निघाली. कुणी पाठीवर थाप मारायचा, कुणी शिंगाला हात लावायचा, आणि आपण असं काही करतो हे कुणालाच माहीत नसायचं. काकांना तर कपाळाला हात लावायची सवयच नव्हती. ती त्यांनी लावून घेतली आणि पुढच्या पाडव्याला त्यांची म्हैस शेवटपर्यंत पळाली. आप्पांनी त्यांना मिठी मारली आणि मला म्हणाले, "हे तुझ्या अभ्यासापायी झालं, ध्यानात ठेव."

निकाल शाळेतल्या संगणकावर आला. माझ्या निबंधाला सगळ्यात वरची श्रेणी होती. पेढे घेऊन मी आधी गोठ्यात गेले आणि पहिला पेढा थोरलीला स्वतःच्या हातानं दिला, कुणी न सांगता. संध्याकाळी त्याच मिशीवाल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मग, कसला डिप्लोमा झाला म्हनं पोरीचा?" आप्पांनी धार थांबवली नाही. "म्हशीचा," ते म्हणाले. "कोल्हापुरात दुसरा कुनी केला असंल तर दाव."

पुढे बाहेरच्या देशातल्या विद्यापीठानं मला बोलावलं. त्यासाठी आधी मुंबई गाठायची होती. एसटी स्टँडवर आई, आत्या, काका सगळे आले होते. आत्यांनी काजूची एवढी मोठी पिशवी दिली आणि "तिकडं मिळत न्हाईत असलं" असं परदेश फिरून आल्यासारखं सांगितलं.  सामान चढवून आप्पा खाली उतरले, कंडक्टरनं हाळी दिली, तसे पुढे झाले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. मग तोच हात आपल्या कपाळाला लावला आणि ते बाजूला झाले.

त्यांना ते कळलंही नाही. मला कळलं. दोन वर्षं मी त्याचाच अभ्यास केला होता.