कानबाईचे रोट आणि तापीचं पाणी

अडुसष्ट साली सुरतेत तापी घुसली ती सुभद्राबाईमुळे. मी नाही म्हणत बुवा. आमच्या चाळीच्या नळावर कुजबुज होती. कानबाईचे रोट तिनं परक्यांना खाऊ घातले, देवी कोपली आणि पाणी चढलं!

रोट म्हणजे श्रावणात कानबाईला नैवेद्य दाखवतात त्या जाड पोळ्या. आम्हा खानदेशी माणसांचा नियम कडक: रोट फक्त भाऊबंदांत खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडी गेले तर घरच्या पुरुषावर बेततं म्हणे. सुभद्राबाई मुळातच भित्री, पाल चुकचुकली तरी हात जोडणारी. त्या वर्षी दीर अमळनेरहून येणार म्हणून तिनं रोटांसाठी त्यांच्याही वाट्याचे गहू मोजले. दीर आलेच नाहीत. सोमवारी कानबाईला तापीवर बोळवलं, आणि रोटांनी भरलेली परात घरात तशीच.

मंगळवारी सकाळी तिचा नवरा सुकदेव लूमच्या कारखान्यात गेला, आणि मागोमाग पाणी आलं. सगळी चाळ वरच्या मजल्यावर पळाली. बाईनं काय वाचवलं? भांडी नाहीत, लुगडी नाहीत. रोटांची परात आणि आरतीचे कणकेचे दिवे. ते बुडाले तर तोही कोपच!

संध्याकाळपर्यंत अर्धा जिना बुडाला. खाली कुणाची तरी खाट भिंतीवर धडकत होती. सुभद्राबाईनं कणकेचा दिवा लावला. वात थरथरली की तिचे ओठ पांढरे पडत. शेजारच्या जसुबेनची पोरगी भुकेनं रडून रडून गप्प झाली. ते गप्प होणं जास्त वाईट होतं.

"बेन, छोकरीने कंई आपो ने," परातीकडं हात पसरून जसुबेन म्हणाली.

सुभद्राबाईनं परात पदराखाली ओढली. सरलाबाई, म्हणजे चाळीचं वर्तमानपत्र, तिच्या कानाशी लागली, "खबरदार! तुना नवरा बाहेर शे. देवीना कोप व्हई."

"माले माहीत शे वं माय," सुभद्राबाई म्हणाली. मग पोरीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि रोट मोडला. "कानबाई, जे करनं शे ते माले कर. त्यास्ले नको."

एकदा मोडल्यावर परात सगळ्यांत फिरली. सरलाबाईनं दीड रोट खाल्ला, वर गूळ आहे का विचारलं.

बुधवारी सुकदेव आला नाही. सुभद्राबाई कठड्याला चिकटून बसली. पाण्यातून काही तरंगत आलं की तोंडावर पदर घ्यायची. गुरुवारी, पौर्णिमेला, चिखलानं माखलेला सुकदेव जिना चढून आला. तिनं आधी त्याला हात लावून पाहिलं, मगच रडली.

"खायला काय आहे?" त्यानं विचारलं. परात रिकामी होती.

चिखल उपसून होण्याआधीच सरलाबाईनं नळावर कथा सुरू केली. गंमत अशी, की सर्वांत पक्का विश्वास सुभद्राबाईचाच बसला. पुढं कितीतरी वर्षं श्रावणात पाऊस दाटला की ती जिन्यात जाऊन खालची पायरी बघून यायची, आणि सुरतेची माफी मागायची.

पाणी सकाळी आलं होतं. रोट संध्याकाळी मोडला.