देवकीनं मारलेली हाक

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांमधली भिंत म्हणजे नुसता विटांचा पडदा. त्यामुळं शेजारची देवकी नवी नवरी होती तेव्हाचं भांडण मी चूल फुंकता फुंकता अख्खं ऐकलं.

"एकडाव नाव घे न वं माह्यं. कोणी नाही इथं."

"नाही घेत. नवऱ्याचं आयुष्य कमी होते."

"मंग मले बलावशीन कशी?"

"मी बलावाच्या आधीच घरी येत जा न!"

मी इतकी हसले की धूर नाकात गेला.

तिचा नवरा बळीराम ट्रकांच्या गोदामात हमाल. बाहत्तरच्या उन्हाळ्यात कापसाची गाठ घसरून त्याच्या डोक्याला लागली. दवाखान्यातून आला तो हातापायांनी धड, पण डोक्यातून लग्न साफ पुसलेलं. देवकीला म्हणाला, "बाई, तुमचे मालक येतीन, मी बाहेर बसतो." सभ्य माणूस, परक्या बाईच्या घरात कसा झोपेल? ओसरीवर झोपायचा. ती उंबऱ्याशी जागी.

"हे उठून गेले तं कुठं धुंडू, वैनी?" ती मला विचारायची.

एका दुपारी तो गेलाच. पानठेल्यावर सांगून गेला, उमरेडला मायकडे जातो. माय तर केव्हाच वारलेली. आम्ही दोघी धापा टाकत नागपूरच्या स्टँडवर पोचलो, तर उमरेडची गाडी सुरू होऊन घरघरत होती अन् तो दाराशी.

"अहो!" देवकी ओरडली. आठ-दहा बाप्यांनी वळून पाहिलं, हा सोडून. मी "बळीरामभाऊ" म्हणाले. त्यानं माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं अन् पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली. तशी देवकीनं बेंबीच्या देठापासून हाक मारली, "बळ्या! घरी ये!"

तो खाली उतरला. "माय अशीच बलावते," म्हणाला.

घरी येऊन ती माझ्या गळ्यात पडली. "नाव घेतलं मी, वैनी. आता त्याइले काही झालं तं?"

ही भीती तिची गेलीच नाही. तरी रोज संध्याकाळी पानठेल्यावरून त्याला आणायचं तर दुसरी हाक नव्हती. तो तिला देवकीबाईच म्हणत राहिला. अन् आयुष्य कमी झालं ते तिचंच.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी अंगात सणसणून ताप. मी म्हणाले, "पडून राह्य, मी आणते."

"तुमच्या आवाजानं येत नाही तो."

एका हातात रोजची भाजीची पिशवी, दुसऱ्यानं भिंत धरत धरत पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. "बळ्या, घरी ये."

तो उठला, तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, अन् रोजच्यासारखा मागं मागं निघाला.