‘एळु’ म्हणताच उभा राहिलेला वर्ग

पोलीस अ‍ॅक्शनने निजामी राजवट संपल्यावर बदली होऊन मी औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या शाळेत आलो, तेव्हा आदरणीय शिवलिंगप्पा गुरुजी दारावरची उर्दू पाटी उतरवत होते. मला पाहून म्हणाले, "कामून आलाव हिकडं? हितं शिकवायचं कमी अन् पाट्या बदलायचंच काम लई हाय." आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आहे, आणि त्यांचे ते बोलणे खरे ठरता ठरता मी पुरता थकलो आहे.

प्राथमिक ती तहतानिया, मधली वस्तानिया, हायस्कूल म्हणजे फौकानिया आणि त्यावर विद्यापीठ, अशी सगळी व्यवस्था उर्दूत होती. ती खालून मातृभाषेत आणायची असे वरून ठरले. जो भूगोल मी उर्दूत शिकवला तोच मराठीत शिकवू लागलो. कॉलेजात म्हणे तो इंग्रजीत. बालवर्ग तर कुणाच्या गावीही नव्हता. तो गुरुजींच्या ओसरीवर, त्यांच्या पत्नी अक्का यांच्या देखरेखीखाली भरे.

आमच्या गावात काही घरे कन्नड, काही मराठी. मधल्या शाळेचे वर्ग फक्त कन्नडमध्ये ठेवावेत आणि मराठी मुलांनी उदगीरला जावे, असे घाटत होते. मुलगे गेलेही असते, पण मुलींना कोण पाठवणार? त्यांची शाळा तिथेच संपली असती. गुरुजींचे घर कन्नड. ते गप्प बसते तर हेडमास्तरकी आपसूक चालून आली असती. तरी मराठी वर्गासाठी तेच भांडले.

त्या वर्गाचा निकाल लावायला तपासणीचे साहेब आले. कन्नडमध्ये मुले मोजू लागले. "आरु, एळु," म्हणतात तोच अख्खा वर्ग ताडकन उभा! एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजे ऊठ. मुलांना उभे करताना गुरुजींच्याच तोंडी घरच्या सवयीने तो शब्द येई.

साहेब म्हणाले, "यांना कन्नड कळते की! मग मराठी वर्ग कशाला?"

गुरुजी वर्गाकडे वळले. "बैठ जाव!" वर्ग बसला.

"साहेब, ह्यान्ला उर्दूबी कळायलंय. मंग पुन्हा उर्दूच ठिवायचं का? उठाय-बसाय कंचीबी भाषा चालती. गणित समजाय घरची लागती."

साहेबांना हसू आले. वर्ग ‘तूर्त’ राहिला. त्या ‘तूर्त’चा मला वीट आला आहे, दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने विनवण्या.

मी हिवतापाने अंथरुणाला खिळलो, तेव्हा गुरुजींनी माझा मराठी वर्गही आपल्या खोलीत घेतला. एका भिंतीकडे तोंड करून कन्नड, दुसरीकडे मराठी. अक्का रोज कढत सार पाठवीत. आभार मानले तर गुरुजी म्हणाले, "व्हय, पर तुमच्याहून बरं शिकिवलं म्हणं मी!"

यंदा भाषेवरून राज्याचेच तुकडे होत आहेत. उदगीर मराठीकडे, आम्ही कन्नडकडे. आमच्या मराठी मुलांना आता जायला उदगीरही उरणार नाही.

गुरुजींना आता विश्रांती लाभो, असे म्हणण्याची रीत आहे. माझ्याच्याने ते म्हणवत नाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, दमा आवरो, आवाज खणखणीत राहो. वर्ग मोडायला पुन्हा कुणीतरी येणारच आहे, आणि मी बोललो तर येणारे म्हणतील, मराठी माणूस मराठीसाठीच बोलणार. गुरुजींना तसे कुणी म्हणू शकत नाही.